माशांना काही झालेले नाही, पण समुद्रफूल मिटत चालले आहे

पुण्याच्या एक वाचक भगिनी लिहितात: "आमच्याकडे 220 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी 14 महिन्यांपासून आहे. तीत ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी आणि 9 महिन्यांपूर्वी आणलेले बबल टिप जातीचे समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी) आहे. गेले 3 आठवडे ते दुपारपर्यंत उमलत नाही, त्याचे स्पर्शक आखूड झाले आहेत, रंग फिका पडला आहे आणि तोंड किंचित उघडे दिसते. तोंडातून अधूनमधून तपकिरी धागे बाहेर पडतात. दोनदा ते दगडावरून सुटून वाळूवर आले. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 10, विशिष्ट गुरुत्व 1.025 आणि तापमान 27 अंश आहे. मासे उत्तम खातात. याच काळात 3 पैकी 2 गोगलगायी उताण्या पडून मेल्या आणि क्लीनर श्रिम्प (कोळंबीसारखा एक जीव) कात टाकताना गेला, पण हे जीव तसेही फार जगत नाहीत असे ऐकले आहे. पाणी मी घरच्या आरओचेच वापरते. 4 महिन्यांपूर्वी यंत्रही नवे, तांब्याचे गुण देणारे घेतले. अशक्तपणा वाटतो म्हणून समुद्रफुलाला रोज कोळंबी भरवते. दुकानदार म्हणतात, त्याचे वय झाले असेल, नाहीतर पांढऱ्या ठिपक्यांवरचे औषध टाकून पाहा. याला नेमका कोणता रोग झाला आहे, आणि अँटिबायोटिक द्यावे का?"

आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात ज्या दोन वाक्यांपाशी थांबलो ती समुद्रफुलाविषयीची नव्हती. एक गोगलगायींविषयीचे होते, दुसरे पाण्याच्या यंत्राविषयीचे. त्यांच्याकडे येण्यापूर्वी दुकानदारांच्या सल्ल्याविषयी लिहितो, कारण त्यातला उत्तरार्ध आपण अमलात आणला तर पुढचे वाचण्याचे कारणच उरणार नाही. पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधे तांब्याच्या क्षारांची असतात. साधे मोरचूद हे त्यांतले सर्वांत जुने. माशाला ते सोसते आणि त्याच्या अंगावरचा परजीवी मरतो, परंतु ज्या मात्रेत परजीवी मरतो त्या मात्रेत समुद्रफूल, कोळंबी, गोगलगाय यांपैकी काहीही वाचत नाही. शिवाय टाकीतले दगड आणि वाळू हे तांबे शोषून घेतात आणि पुढे कित्येक महिने ते थोडे थोडे पाण्यात सोडत राहतात. म्हणून बाटलीवर काहीही लिहिलेले असो, या टाकीत ते औषध टाकू नये.

वयाचा मुद्दाही बाजूला ठेवावा. सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकांनी 1828 साली किनाऱ्यावरून आणलेले एक लहानसे समुद्रफूल काचेच्या भांड्यात 1887 सालापर्यंत जगले. डॅलिएल स्वतः 1851 साली वारले, त्यानंतरही ते जवळजवळ 36 वर्षे हातोहात सांभाळले गेले, आणि लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. त्याची जात आपल्या बबल टिपहून वेगळी होती हे खरे, परंतु या प्राणिगटात म्हातारपणाने मरणे ही नित्याची गोष्ट नाही, एवढे त्यातून कळते. आपल्या टाकीत 9 महिने नीट राहिलेले समुद्रफूल आज मिटत असेल तर त्याला कारण आहे, आणि ते शोधता येण्याजोगे आहे.

प्रथम ते जिवंत आहे याची खात्री करून घ्यावी. मेलेले समुद्रफूल टाकीत राहिले तर एका रात्रीत अमोनिया इतका वाढू शकतो की सकाळी मासेही तरंगताना दिसतात, म्हणून इथे संकोच किंवा माया कामाची नाही. स्वच्छ धुतलेल्या, शक्यतो हातमोजा घातलेल्या बोटाने स्पर्शकाला हलकेच लावून पाहावे. जिवंत स्पर्शक बोटाला किंचित चिकटतो आणि आकसतो. मेलेल्याचा चिकटपणा जातो, अंग शेवाळासारखे सुटे होऊ लागते, कडेचे तुकडे पाण्यात विरू लागतात, आणि पृष्ठभागाजवळ आणल्यास असा दुर्गंध येतो की पुढची चाचणी करावी लागत नाही. आपण लिहिता की ते दुपारनंतर का होईना उमलते आणि दगडावरून सुटून स्वतः हलते. त्यावरून ते जिवंत आहे असे मी धरून चालतो.

आता लक्षणे. समुद्रफूल मिटणे हा स्वतःहून रोग नव्हे. त्याच्या शरीराला एकच द्वार असते. अन्न तिथूनच आत जाते आणि उत्सर्जितही तिथूनच बाहेर पडते. त्यामुळे निरोगी समुद्रफूलही मधूनमधून आतले जुने पाणी टाकून देण्यासाठी काही तास लिंबाएवढे होऊन बसते, विशेषतः रात्री किंवा पोटभर खाल्ल्यानंतर, आणि नवशिके पालक त्या दिवशी घाबरून जातात. बबल टिपच्या स्पर्शकांची टोके फुगीर न राहता सरळ झाली तर तोही आजार नसतो. परंतु 3 आठवडे रोज उशिरा उमलणे, त्यासोबत सैल पडलेले तोंड, धरून न राहणारा पाय, म्हणजे दगडाला चिकटणारा तळ, आणि उतरलेला रंग या गोष्टी एकत्र आल्या की ती विश्रांती मानता येत नाही. त्यांपैकी तोंडाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. निरोगी समुद्रफुलाचे तोंड चुणीदार आणि घट्ट मिटलेले असते, बटव्याची दोरी ओढल्यासारखे. ते ढिले पडून आतला पांढरट पडदा बाहेर डोकावू लागला तर प्रकृती खालावत आहे असे समजावे. आतले अवयव उलटून बाहेर लोंबू लागले तर परतीची शक्यता फारच थोडी राहते. आपल्या वर्णनावरून तोंड 'किंचित' उघडे आहे, म्हणजे अजून वेळ आहे.

रंग फिका पडण्याचा आणि तपकिरी धाग्यांचा संबंध बहुधा एकमेकांशी आहे. समुद्रफुलाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते, प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. त्याचा तपकिरी रंग ही या शैवालाचीच देणगी. समुद्रफुलाला ताण सोसेनासा झाला की ते हे भाडेकरू बाहेर काढते, आणि बाहेर पडणारे तपकिरी, बुळबुळीत धागे बहुतेक तेच असतात. पाण्याचे तापमान वाढले की प्रवाळ पांढरे पडतात, तोच हा प्रकार आहे. मात्र आपण रोज कोळंबी भरवत असल्याने काही धागे न पचलेल्या अन्नाचेही असतील. ते भरवणे आजपासून बंद करावे. आजारी समुद्रफुलाला अन्न पचवण्याचा खर्च परवडत नाही. ते काही तास गिळून ठेवते आणि सडलेल्या अवस्थेत परत टाकते, म्हणजे आपल्या प्रेमापोटी पाणीच बिघडते. निरोगी असतानाही आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, वाटाण्याएवढा तुकडा पुरेसा असतो.

असा ताण प्रकाशाने येतो, प्रवाहाने येतो, इजेने येतो, संसर्गाने येतो किंवा पाण्याने येतो. प्रकाशाचा दिवा या 3 आठवड्यांत आपण बदलला, वर-खाली केला किंवा त्याचे वेळापत्रक बदलले असेल तर अवश्य कळवावे; पत्रात तसे काही नाही, म्हणून तो मुद्दा मी मागे ठेवतो. प्रवाह निर्माण करणाऱ्या पॉवरहेडच्या जाळीत भटकणारे समुद्रफूल ओढले जाऊन फाटते, तेव्हा जखम डोळ्यांना दिसते. आपल्याकडे ती नाही, परंतु ते दोनदा सुटले आहे त्या अर्थी पॉवरहेडवर आजच स्पंजाचे आवरण किंवा प्लॅस्टिकची बारीक जाळी चढवावी. संसर्गाचे चित्र निराळे असते. त्यात समुद्रफूल दिवसातून एकदा, कधी दोनदा, पूर्ण फुगते आणि नंतर रिकाम्या पिशवीसारखे गळून पडते, पुन्हा फुगते, पुन्हा गळते. आणि हे सहसा नुकत्याच समुद्रातून काढून दूरचा प्रवास घडवलेल्या प्राण्यात, पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसते. 9 महिने रुळलेल्या बबल टिपमध्ये, टाकीत नवे काही आणलेले नसताना, तो माझा पहिला संशय नव्हे. आणि संसर्गाने समुद्रफूल आजारी पडले असते, तर गोगलगायी आणि श्रिम्प त्याच महिन्यात कशाने मेले असते?

या प्रश्नाभोवतीच आपल्या टाकीचे निदान फिरते. एका टाकीत मासे धडधाकट आहेत आणि पाठीचा कणा नसलेले तीन वेगवेगळे प्राणी एकाच सुमारास ढासळत आहेत. गोगलगाय उताणी पडून राहणे आणि श्रिम्प कात टाकताना अडकणे या दोन्ही घटना सुट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. एकत्र पाहिल्या तर त्या तांब्याच्या विषबाधेकडे बोट दाखवतात. श्रिम्प आणि गोगलगाय यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच असते, जसे आपल्या रक्तात लोहाचे. तरीही पाण्यात विरघळलेले जादा तांबे त्यांना मारते. समुद्रफुलात ते पेशींतील विकरांचे काम थांबवते आणि सहवासी शैवालाची प्रकाशातून अन्न बनवण्याची यंत्रणा मोडते. रंग उडणे आणि पायाची पकड सुटणे त्यातून सहज उलगडते.

हे तांबे कुठून आले असेल? आपले नवे यंत्र तांब्याचे गुण देणारे आहे, म्हणजे आरओच्या पडद्यातून शुद्ध झालेल्या पाण्यात ते एका कप्प्यातून थोडे तांबे पुन्हा मिसळते. तांब्याच्या कळशीतले पाणी आरोग्याला चांगले, ही आपल्या घराघरांतली समजूत, आणि ती ओळखूनच हा कप्पा बनवलेला आहे. माणसासाठी त्यात आक्षेपार्ह काही नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस 10500, लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम तांबे स्वीकारार्ह मानते, आणि पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत मुभा देते. याउलट माशांवरच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या मुक्त तांब्याची मात्रा लिटरमागे साधारण 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम असते, आणि समुद्रफुलाला त्याहून पुष्कळ कमी मात्राही बाधते. म्हणजे जे पाणी आपण निर्धास्तपणे प्यावे, ते टाकीतल्या पाहुण्यासाठी औषधाच्या मात्रेलाही ओलांडून गेलेले असू शकते.

त्यातही बाष्पीभवनाची गोष्ट ध्यानात घ्यावी. टाकीतून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ मागे राहते, आणि तांबेही. समजा पंखा लावलेल्या आपल्या टाकीतून दिवसाला 3 लिटर पाणी उडते आणि यंत्राच्या पाण्यात लिटरमागे केवळ 0.1 मिलिग्रॅम तांबे आहे. 4 महिन्यांत 360 लिटर भर पडली, म्हणजे 36 मिलिग्रॅम तांबे आत गेले. ते 220 लिटरमध्ये वाटले तर लिटरमागे 0.16 मिलिग्रॅम होते. काही भाग दगड-वाळूत मुरतो, म्हणून पाण्यातला आकडा याहून कमी दिसेल. परंतु जो मुरला तो गेला नाही, साठला आहे. पाणी बदलताना मीठही त्याच पाण्यात कालवले असेल तर त्या बदलाने सुटका होण्याऐवजी भरच पडली असणार. यंत्र 4 महिन्यांपूर्वी आले आणि लक्षणे 3 आठवड्यांपूर्वी दिसू लागली, यातला मधला शांत काळ या साठत जाण्याशी जुळतो.

हा अजून संशय आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. खात्री करण्यासाठी टाकीच्या पाण्यापेक्षा यंत्राच्या पाण्याची तपासणी अधिक सोपी आणि भरवशाची, कारण खारे पाणी बऱ्याच प्रयोगशाळांच्या मापनात अडथळा आणते. शहरातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त पाणी तपासणी प्रयोगशाळेत यंत्राच्या तोटीचे पाणी प्लॅस्टिकच्या नव्या बाटलीतून द्यावे आणि 'तांब्याचे प्रमाण' एवढेच मागावे. टाकीसाठी दुकानात मिळणारे तांब्याचे टेस्ट किट घ्यायला हरकत नाही, पण ती किट मुख्यतः माशांच्या उपचाराची मात्रा मोजण्यासाठी असतात. रंग आला तर शंका उरत नाही, रंग आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. टीडीएस मीटरवर तर मुळीच विसंबू नये. ते सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजते. त्यात तांब्याचा दशांश मिलिग्रॅम कुठे दडतो ते त्याला सांगता येत नाही. दरम्यान घरात आणखी कुठे तांबे-पितळ पाण्याला लागते का, तेही पाहावे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः मीठ कालवण्याच्या पिंपाला, गळते म्हणून, घरात पडलेली पितळी तोटी बसवली होती. पितळात तांबे असते हे मला शाळेपासून माहीत होते. तरीही त्या तोटीकडे माझे लक्ष जायला दीड महिना आणि एक समुद्रफूल लागले.

तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबू नये, कारण पुढचे उपाय तांबे नसतानाही अपायकारक नाहीत. त्या यंत्राचे पाणी टाकीसाठी आजपासून बंद. यंत्र दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावून, पडद्यातून पाणी बाहेर पडते तिथे, म्हणजे तांब्याच्या आणि खनिजांच्या कप्प्यांच्या आधी, एक वेगळी नळी काढून घ्यावी. काही यंत्रांत टीडीएस नियंत्रक असतो, जो न गाळलेले पाणी थोडे परत मिसळतो. नळी त्याच्याही आधी असली पाहिजे. या पाण्यापुढे डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचे, लहान भांडे जोडता आले तर उत्तम. मग टीडीएस मीटरने शून्य दाखवले पाहिजे. त्या पाण्यात मीठ कालवून, एक दिवस पंपाने ढवळून, खारेपणा आणि तापमान टाकीइतकेच करून पहिल्या दिवशी 50 ते 55 लिटर, म्हणजे पाव टाकी, बदलावी, आणि पुढचे 2 आठवडे दर 3 ते 4 दिवसांनी तेवढेच पाणी बदलत राहावे. एकाच दिवशी सगळे पाणी बदलण्याचा मोह टाळावा. खचलेल्या प्राण्याला तोही धक्काच असतो. त्यासोबत ताजा सक्रिय कोळसा आणि तांबे शोषणारे रेझिन फिल्टरमध्ये ठेवावे. पॉलिफिल्टर नावाची पांढरी गादी मिळाली तर ती अवश्य घ्यावी: तांबे शोषले की ती निळसर होते, म्हणजे उपचारासोबत निदानही होते.

जिथे भरवशाची, जुनी, तांबे कधी न लागलेली दुसरी टाकी परिचितांकडे असेल, तिथे समुद्रफुलाला हलवणे हा या सर्वांहून चांगला मार्ग. मात्र पाय दगडाला चिकटलेला असेल तर ओढू नये; फाटलेला पाय भरून येणे आजारी प्राण्याला अवघड जाते. दगड लहान असेल तर दगडासकट न्यावे, मोठा असेल तर पायाच्या कडेवर पंपाची सौम्य धार धरावी आणि ते स्वतः सुटेपर्यंत वाट पाहावी. उचलताना पाण्याखालीच वाडग्यात घ्यावे, म्हणजे ओले जड अंग हवेत लोंबून फाटणार नाही.

क्लाउनफिशविषयी दोन शब्द. ऑसेलारिसची समुद्रातली नैसर्गिक सोयरीक बबल टिपशी नसते. टाकीत दुसरे कोणी नसल्याने ते याच्याशी जमवून घेतात, आणि एरवी हे घर दोघांनाही मानवते. पण आजाऱ्याच्या अंगाखांद्यावर दिवसभर लोळणारे दोन मासे म्हणजे त्याला उसंत नाही. समुद्रफूल ज्या जागी बसले आहे तिथे भोकांची प्लॅस्टिकची टोपली उपडी घालावी, किंवा दोघांच्या मधे जाळी उभी करावी. टोपलीने प्रकाश फार अडत नाही ना, एवढे पाहावे. दिव्याची तीव्रता मात्र वाढवू नये. शैवाल गमावलेले समुद्रफूल तीव्र प्रकाशात अधिक भाजते.

अँटिबायोटिकचे उत्तर यातच आले आहे: आज नाही. पाण्यात विष असेल तर औषधाने काही साधत नाही. पाणी स्वच्छ झाल्यानंतरही वर सांगितलेले फुगण्या-गळण्याचे चक्र सुरू झाले, तरच त्याचा विचार करावा, आणि तोही वेगळ्या लहान टाकीत, कारण हे औषध मुख्य टाकीतल्या अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही मारते. समुद्रफुलांसाठी हौशी पालकांत रूढ असलेले औषध सिप्रोफ्लॉक्सॅसिन आहे: साधारण 40 लिटर पाण्यामागे 250 मिलिग्रॅम, दिवा बंद झाल्यावर, कारण प्रकाशात ते निकामी होते, आणि रोज पाणी बदलून 7 दिवस. ते माणसांचे, डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारे औषध आहे. जलचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये आणि अर्ध्यावर सोडू नये.

सुधारणा मंद असते. प्रथम तोंड आवळले जाते, मग पाय दगड धरू लागतो, मग स्पर्शक बोटाला पूर्वीसारखे चिकटतात. रंग सर्वांत शेवटी, कधी काही महिन्यांनी परततो, आणि तोपर्यंत ते पांढुरके पण जिवंत राहू शकते. तोंड सलग 2 आठवडे मिटलेले राहिले की मसाला-मीठ न लावलेल्या ताज्या कोळंबीचा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा असा एकच तुकडा द्यावा आणि तो दुसऱ्या दिवशी परत येतो का ते पाहावे. परत आला तर आणखी एक आठवडा उपास. उरलेल्या एका गोगलगायीकडेही लक्ष असू द्यावे: ती काचेवर चढून पूर्वीसारखे शेवाळ खरवडू लागली, तर पाणी सुधारत असल्याची बातमी समुद्रफुलाआधी तीच देईल. प्रयोगशाळेचा आकडा आला की मला अवश्य कळवावा, तो 0.05 च्या पुष्कळ खाली निघाला, तर मी मागे ठेवलेला दिव्याचा मुद्दा आपण पुन्हा उघडू, आणि त्यासाठी दिव्याचे वॅट, पाण्यापासूनची उंची आणि चालू-बंद होण्याच्या वेळा त्याच पत्रात लिहाव्यात.